इन्फोसिसमधली भांडणं, मिटलेली तोंडं आणि आपला डीमॅट: आयटी कंपनीचा गुंतवणूकदार नेमका चिडतो कशावर?

आपल्याकडे ज्याचं डीमॅट खातं आहे त्याच्यात एखादी तरी आयटी कंपनी असतेच, आणि बऱ्याचदा ती इन्फोसिस असते, वडिलांनी घेऊन ठेवलेली नाहीतर म्युच्युअल फंडातून आडवाटेने आलेली. आणि दर काही महिन्यांनी बातमी येते की अमुक टेक कंपनीचे गुंतवणूकदार मॅनेजमेंटवर नाराज आहेत, तमुक कंपनीने कर्मचाऱ्यांना बाहेर काही बोलायचं नाही असा मेल टाकलाय, कुठे सीएफओ अचानक गेला, कुठे निनावी पत्र फुटलं. वाचणारा म्हणतो नफा येतोय ना, डिव्हिडंड खात्यात पडतोय ना, मग ही रडारड कशाला? आणि कर्मचाऱ्यांनी काय बोलावं काय नाही हा तर एचआरचा विषय झाला, त्याचा माझ्या शेअरशी काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. तो कळायला इन्फोसिसची २०१४ ते २०२० ही वर्षं बघायची. प्रकरण जुनं आहे पण त्याचा फायदा असा की सगळं संपलेलं आहे, कोण काय म्हणालं आणि शेवटी काय निघालं हे दोन्ही माहिती आहे. चालू भांडणात हे सुख नसतं.

कंपनी नेमकी कोणाची असते?

आपल्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या, पुढे सगळीकडे हेच वापरतो म्हणजे गोंधळ नको. शंभर फ्लॅटची सोसायटी आहे. फ्लॅटवाले म्हणजे शेअरहोल्डर. सगळे रोज मीटिंगला बसू शकत नाहीत म्हणून ते कमिटी निवडतात, ती कमिटी म्हणजे बोर्ड. कमिटी एक पगारी मॅनेजर ठेवते, तो सीईओ. त्याच्या हाताखाली वॉचमन, प्लंबर, लिफ्टवाला, ते कर्मचारी. आणि ज्यांनी पहिल्या दिवशी जमीन शोधली, कागदपत्रं केली, सोसायटी उभी केली ते जुने सभासद म्हणजे प्रमोटर. कमिटीत काही माणसं मुद्दाम अशी घेतात की ज्यांचं मॅनेजरशी किंवा जुन्या मंडळींशी काही देणंघेणं नाही, त्यांना इंडिपेंडंट डायरेक्टर म्हणतात, आणि त्यांनी तटस्थपणे सगळ्यांवर नजर ठेवावी अशी अपेक्षा असते. अपेक्षा.

ह्या सगळ्यांनी एकमेकांशी कसं वागायचं, कोणी कोणाला काय विचारायचं, पैसे कोणाच्या सहीने जायचे, ह्या व्यवस्थेला कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणतात. जड शब्द आहे, पण अर्थ एवढाच की दुसऱ्याचे पैसे वापरताना हिशेब द्यायचा.

आता इन्फोसिस. १९८१ साली पुण्यात सात इंजिनिअरनी सुरू केली, भांडवल १० हजार रुपये, आणि ते सुधाताईंनी साठवलेल्या पैशातून नारायण मूर्तींनी घेतलेले ही गोष्ट तर सगळ्यांनाच पाठ आहे. दोनेक वर्षांत कंपनी बंगळुरूला गेली (पुणेकर हे अजून विसरलेले नाहीत), १९९३ ला शेअर बाजारात आली, १९९९ ला अमेरिकेच्या नॅसडॅकवर. २०१४ पर्यंत सीईओच्या खुर्चीवर कायम संस्थापकांपैकीच कोणीतरी होतं. पण शेअर विकत विकत, वाटत वाटत २०१७ पर्यंत संस्थापक आणि त्यांच्या कुटुंबांकडे मिळून पावणेतेरा टक्केच्या आसपास उरले होते. म्हणजे शंभरातले तेरा फ्लॅट. बाकीचे सत्त्याऐंशी फंडांचे, परदेशी संस्थांचे, एलआयसीचे आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचे. पण गेटवरचा वॉचमन सलाम ठोकतो तो मात्र जुन्या तेरांना. भांडणाचं बी इथेच आहे.

बाहेरचा मॅनेजर येतो

१ ऑगस्ट २०१४ ला विशाल सिक्का सीईओ झाले. एसएपी ह्या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीतून आलेले, संस्थापक नसलेले पहिलेच. नवीन माणूस, नवीन पद्धत, डिझाइन थिंकिंग, एआय, अमेरिकेत बसून कारभार. सुरुवातीला सगळे खूश होते, शेअरही चढला. फेब्रुवारी २०१५ ला त्यांनी पनाया नावाची इस्रायली कंपनी २० कोटी डॉलरला घेतली. मग त्यांचा पगार वर्षाला १.१ कोटी डॉलरपर्यंत नेण्याचा ठराव २०१६ मध्ये शेअरहोल्डरांच्या मतांनी पास झाला, आणि हे आकडे बघून जुन्या मंडळींच्या कपाळावर आठ्या यायला लागल्या, कारण मूर्ती म्हणजे साधी राहणी, कंपनीच्या खर्चाने चैन नको, ह्या विचाराचा माणूस.

इथपर्यंत ठीक होतं. मतभेद कुठे नसतात. बिघडलं ते एका रकमेवरून.

१७ कोटी ३८ लाख

ऑक्टोबर २०१५ मध्ये सीएफओ राजीव बन्सल कंपनी सोडून गेले. सीएफओ म्हणजे तिजोरीच्या चाव्या ज्याच्याकडे तो. जाताना त्यांना १७.३८ कोटी रुपये द्यायचं ठरलं, २४ महिन्यांचा पगार. नोकरी सोडताना कंपनी वरून जी रक्कम देते तिला सेव्हरन्स म्हणतात. हा आकडा उघड झाला २०१६ मध्ये, तेव्हा लोकांनी विचारायला सुरुवात केली की एवढे का? साधारण ५ कोटी देऊन झाल्यावर कंपनीने उरलेले थांबवले, त्यामुळे तर अजूनच संशय, कारण द्यायचे होते तर थांबवले का आणि थांबवायचे होते तर कबूल का केले?

फेब्रुवारी २०१७ मध्ये मूर्ती उघडपणे बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की जाणाऱ्या माणसाला एवढी रक्कम दिली की बघणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवण्यासाठी तोंड बंद ठेवायचे पैसे दिलेत. आणि साधारण त्याच सुमारास सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, निनावी तक्रार गेली की पनायाच्या खरेदीतही काळंबेरं आहे.

आता सोसायटीत बघा काय झालं. खजिनदार अचानक सोडून गेला. कमिटीने त्याला दोन वर्षांचं मानधन एकरकमी द्यायचं गुपचूप ठरवलं. सभासदांना कळलं काही महिन्यांनी. खजिनदार काही बोलत नाही, कमिटी म्हणते सगळं नियमात आहे, मॅनेजर म्हणतो मला कामाचं बोलू द्या. ह्यात चोरी झाली असेलच असं अजिबात नाही. पण सभासद चिडणार की नाही?

गुंतवणूकदाराचा वैताग तोटा झाला म्हणून असतो असं आपण धरून चालतो, पण इन्फोसिस तेव्हा भरपूर नफ्यात होती. वैताग होता तो सगळं शेवटी कळतं ह्याचा. कळलं तर अर्धवट कळतं, आणि विचारलं तर वकिली भाषेत दोन ओळींचं उत्तर येतं.

(शेवट आधीच सांगून टाकतो. पनायात काही गैर झालं नाही असा निष्कर्ष बाहेरच्या वकिलांच्या चौकशीतून निघाला. आणि बन्सल लवादात गेले आणि जिंकले, सप्टेंबर २०१८ मध्ये लवादाने कंपनीला १२.१७ कोटी आणि वर व्याज द्यायला सांगितलं. म्हणजे एवढा धुरळा उडवून शेवटी पैसे द्यावेच लागले.)

पगारवाढीचा ठराव, आणि मतपेटीतून आलेला इशारा

एप्रिल २०१७. सीओओ, म्हणजे रोजचा कारभार बघणारे, प्रवीण राव यांच्या पगारवाढीचा ठराव मतदानाला होता, निकाल लागला तेव्हा बाजूने ६७ टक्के मतं. वरवर बघितलं तर दणदणीत. पण अशा ठरावांना मोठ्या कंपन्यांत सहसा नव्वदीच्या पुढे मतं पडतात, त्यामुळे जाणकारांना कळलं की हा इशारा आहे. प्रमोटर गटातल्या बहुतेकांनी मतच दिलं नव्हतं. मूर्तींनी पत्र लिहिलं, राव यांच्यावर माझा राग नाही, पण बहुतेक कर्मचाऱ्यांना ६ ते ८ टक्के वाढ दिलीय आणि वरच्या माणसाला ६०-७० टक्के, हे बरोबर नाही.

हे पत्र मला ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण इथे पहिल्यांदा गुंतवणूकदाराच्या भांडणात कर्मचारी आला. तोपर्यंत सगळं बोर्ड, प्रमोटर, सीईओ असं वरच्या मजल्यावर चाललं होतं. खाली दोन लाखांच्या आसपास माणसं काम करत होती, आणि त्यांना पेपर वाचूनच कळत होतं की आपल्या कंपनीत काय चाललंय.

१८ ऑगस्ट २०१७

सिक्कांनी राजीनामा दिला. शेअर त्या एका दिवसात जवळपास १० टक्के पडला. बोर्डाने पत्रक काढलं आणि नाव घेऊन दोष मूर्तींवर टाकला, की त्यांच्या सततच्या हल्ल्यांमुळे हे झालं. त्याच दरम्यान मूर्तींचा एक मेल पेपरात आला होता, त्यात बोर्डातल्या तीन जणांनी सिक्का हे सीईओपेक्षा सीटीओ (तंत्रज्ञानाचे प्रमुख) म्हणून जास्त शोभतील असं आपल्याला सांगितल्याचं मूर्तींनी लिहिलं होतं. विचार करा, कमिटी मेंबर मॅनेजरबद्दल खाजगीत एक बोलतात, मीटिंगमध्ये दुसरं बोलतात, आणि सभासदाला दोन्ही कळतं ते पेपरातून.

दुसऱ्या दिवशी बोर्डाने १३ हजार कोटींचं बायबॅक जाहीर केलं, म्हणजे कंपनी स्वतःच्या पैशाने ११५० रुपये भावाने लोकांकडून शेअर परत घेणार. लोक शांत व्हायला तेवढं पुरलं नाही. मग बारा फंड मॅनेजरनी बोर्डाला पत्र लिहिलं की संस्थापकांपैकीच एक असलेल्या नंदन निलेकणींना परत आणा. ह्यात देशातले बडे म्युच्युअल फंड होते. २४ ऑगस्टला निलेकणी चेअरमन झाले, आधीचे चेअरमन शेषसायी गेले. राजीनाम्यापासून मोजलं तर आठवडासुद्धा पूर्ण झाला नव्हता.

त्या फंडांचे पैसे कोणाचे? एसआयपीवाल्यांचे, म्हणजे दरमहा फंडात ठरावीक रक्कम भरणाऱ्यांचे. त्यामुळे तुम्ही म्हणाल की मी कुठे भांडलो, तर तुमच्या वतीने कोणीतरी भांडलं होतं, तुम्हाला माहिती नव्हतं एवढंच.

बरं, मूर्तींनी असं पेपरातून बोलायला हवं होतं का?

हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो पोकळ नाही. तेरा टक्केवाल्याचं बोलणं पहिल्या पानावर आणि बाकीच्या सत्त्याऐंशी टक्क्यांचं कुठेच नाही, हे कुठलं गव्हर्नन्स? शिवाय रोज पेपरात भांडण असेल तर अमेरिकेतला क्लायंट काँट्रॅक्ट द्यायला बिचकतो, आणि त्याचं नुकसान त्याच शेअरहोल्डरला ज्याच्या नावाने भांडण चाललंय.

माझं मत विचाराल तर मूर्तींचे प्रश्न बरोबर होते आणि जागा चुकीची होती, पण बरोबर जागा कुठली होती हे मला कोणी सांगावं. बोर्डाला आधी पत्रं लिहून झाली होती. आणि गंमत पुढे आहे. पनायाच्या चौकशीचा पूर्ण रिपोर्ट जाहीर करा ही मूर्तींची मागणी होती, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांच्याच पसंतीच्या निलेकणींच्या बोर्डाने सांगितलं की आम्ही पुन्हा सगळं तपासलं, गैर काही नाही, आणि रिपोर्ट पूर्ण जाहीर करणार नाही. कारण काय दिलं? की चौकशीत माणसं गुप्ततेच्या भरवशावर बोलतात, रिपोर्ट फोडला तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

पटण्यासारखं कारण आहे. आणि इथूनच आपण कर्मचाऱ्यांच्या बोलण्याकडे येतो.

कर्मचाऱ्याने काय बोलायचं आणि काय नाही

पाण्याच्या टाकीला चीर गेलीय हे सोसायटीत सगळ्यात आधी कोणाला कळतं? चेअरमनला नाही, वॉचमनला. कंपनीतही तसंच, हिशेबात गडबड असेल, एखाद्या प्रोजेक्टचे पैसे येणारच नसतील, तर पहिल्यांदा कळतं ते फायनान्स टीममधल्या कोणालातरी किंवा प्रोजेक्ट मॅनेजरला. गुंतवणूकदार त्या रांगेत शेवटचा.

म्हणून कर्मचाऱ्याच्या तोंडावरची पट्टी हा गुंतवणूकदाराचाही विषय आहे. पण सगळ्याच पट्ट्या वाईट नसतात. एक पट्टी कायद्यानेच बांधलेली आहे. शेअरचा भाव हलवू शकेल आणि अजून जाहीर झालेली नाही अशी माहिती, जसं की तिमाही निकाल किंवा एखादी मोठी डील, ती आधीच कोणाला सांगणं किंवा तिच्यावर स्वतः ट्रेडिंग करणं हा सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली गुन्हा आहे. तिमाही संपली की निकाल लागून ४८ तास होईपर्यंत आतल्या माहितीच्या जवळच्या लोकांना शेअरची खरेदी-विक्रीच बंद असते. ही पट्टी तुमच्या-माझ्या फायद्याची आहे, नाहीतर सीएफओच्या मेहुण्याला निकाल आधी कळतील आणि आपण मागाहून टाळ्या वाजवू.

दुसरी पट्टी कंपनी स्वतः बांधते. जॉइन होताना सही केलेली गुप्ततेची कलमं, सोशल मीडिया पॉलिसी, मीडियाशी फक्त अमुक डिपार्टमेंट बोलेल वगैरे. हे पण बरंचसं ठीकच आहे, क्लायंटचा डेटा चहाच्या टपरीवर चघळू नये ही अपेक्षा रास्त. मी ज्या आयटी कंपनीत होतो (नाव राहू दे) तिथे ह्या पॉलिसीचं ऑनलाइन ट्रेनिंग दरवर्षी असायचं, पुढे-पुढे-पुढे दाबत शेवटच्या क्विझपर्यंत जायचं आणि सर्टिफिकेट मॅनेजरला पाठवायचं. चाळीस स्लाइड काय बोलायचं नाही यावर, आणि चुकीचं काही दिसलं तर कुठे बोलायचं यावर एक, ती पण शेवटची.

तिसरी पट्टी घातक. सोडून जाताना पैशाच्या मोबदल्यात घेतलेली सही, की कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही, आत जे झालं ते कोणाला सांगणार नाही. सगळे सेव्हरन्स असे असतात असं नाही, पण बाहेरून बघणाऱ्याला चांगला आणि वाईट करार ओळखता येत नाही. इन्फोसिसच्या १७.३८ कोटींनी संशय पेटला तो ह्यामुळेच.

मतदानाच्या दिवशी बाजार बंद होता

२०१९ ला दुसरा अंक. आता सीईओ सलील पारेख होते. सप्टेंबर २०१९ ला कंपनीतल्या काही जणांनी नाव न घालता बोर्डाला पत्र लिहिलं, स्वतःला 'नीतिमान कर्मचारी' अशा अर्थाचं नाव घेतलं. असं आतून सावध करणाऱ्याला व्हिसलब्लोअर म्हणतात. आरोप गंभीर होते, की नफा चांगला दिसावा म्हणून हिशेबात खटपटी चालल्यात, ऑडिटरना माहिती देऊ नका असं सांगितलं जातं, वगैरे, आणि आमच्याकडे मेल आणि रेकॉर्डिंग आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेच्या सेबीला, म्हणजे एसईसीला लिहिलं.

गुंतवणूकदाराला कधी कळलं? २१ ऑक्टोबरला, बातमी फुटली तेव्हा. तो सोमवार होता आणि महाराष्ट्र विधानसभेचं मतदान असल्यामुळे मुंबईतला शेअर बाजार बंद. आपण बोटाला शाई लावून फोटो टाकत होतो आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये इन्फोसिस धडाधड पडत होती. मंगळवारी इकडे बाजार उघडला तेव्हा काही करायला वावच नव्हता, दिवसभरात शेअर १६ टक्क्यांच्या वर खाली, ५० हजार कोटींहून जास्त मूल्य गेलं. मग बीएसईने, म्हणजे मुंबई शेअर बाजाराने, कंपनीला विचारलं की पत्र महिनाभर आधी आलेलं, तुम्ही जाहीर का नाही केलं? कंपनी म्हणाली, प्रथमदर्शनी पुरावा नसलेल्या निनावी तक्रारी जाहीर करायचं बंधन आमच्यावर नाही.

कायदेशीर उत्तर म्हणून त्यात दम आहे. निनावी पत्र कोणीही लिहू शकतो, प्रत्येक पत्रावर घोषणा केली तर कोणाचाही शेअर कोणीही पाडेल. जानेवारी २०२० मध्ये बोर्डाच्या ऑडिट कमिटीने, म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या गटाने, बाहेरचे वकील आणि हिशेबतज्ज्ञ लावून केलेल्या चौकशीनंतर सांगितलं की आरोपांत तथ्य नाही. म्हणजे २२ ऑक्टोबरला घाबरून विकणारा कंपनीच्या गप्प बसण्याची किंमत स्वतःच्या पैशाने देऊन गेला, आरोप खोटे असूनसुद्धा. मला विचाराल तर दोष पत्र लिहिणाऱ्यांपेक्षा त्या मधल्या महिन्याच्या शांततेचा जास्त आहे.

आणि आतलं आत राहतं हा कंपन्यांचा गैरसमज काही जात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना मूनलायटिंग, म्हणजे लपून दुसरी नोकरी, चालणार नाही असा मेल पाठवला. कर्मचाऱ्यांसाठीचा तो मेल देशभर सगळ्यांनी वाचला.

पण सगळे बोलायला लागले तर गुपितं फुटतील की!

फुटतील, जर बोलायचा एकमेव रस्ता पेपर असेल तर. म्हणून कायद्याने आत एक रस्ता ठेवायला लावलाय. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात असलेल्या, कंपनीला तक्रारीची अशी व्यवस्था ठेवावीच लागते, की कर्मचारी त्याच्या बॉसला वळसा घालून गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या चेअरमनपर्यंत जाऊ शकेल आणि त्याला त्रास दिला जाणार नाही. वॉचमनने टाकीची तक्रार मॅनेजरकडेच करायची आणि चीर मॅनेजरमुळेच पडली असेल तर काय उपयोग, म्हणून.

त्याच्या वर २०१९ च्या अखेरीस सेबीने इनसायडर ट्रेडिंगची, म्हणजे वर सांगितलेल्या आतल्या माहितीवर शेअर घेण्या-विकण्याची, खबर देणाऱ्याला बक्षिसाची योजना आणली, आधी कमाल १ कोटी, नंतर वाढवून १० कोटी. आणि त्यातलं एक कलम मला फार आवडतं, की अशी माहिती सेबीला द्यायची नाही असं तुमच्या करारात लिहिलेलं असेल तर ते कलमच रद्दबातल. सही केली असली तरी. फक्त हे इनसायडर ट्रेडिंगपुरतं आहे, ऑफिसातल्या बाकीच्या अन्यायाला लागू नाही, तेव्हा उत्साहात कोणी बॉसविरुद्ध सेबीला पत्र लिहू नका.

अमेरिका ह्या बाबतीत पुढे आहे. तिथे एसईसीकडे जाणाऱ्याला अडवणारा करारच नियमभंग ठरतो, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ह्या गेम बनवणाऱ्या कंपनीने ३.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं, त्यात कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वरपर्यंत पोचवायची धड व्यवस्था नसणं हाही मुद्दा होता आणि सोडून जाणाऱ्यांकडून घेतलेल्या करारातली अट हाही. ॲपलचं अजून बोलकं. मार्च २०२२ च्या सभेत एका गुंतवणूक संस्थेने ठराव मांडला, की छळ आणि भेदभावाबद्दल बोलायला कर्मचाऱ्यांना अडवणारी कलमं कंपनी वापरते का याचा अहवाल द्या. कंपनीने विरोध केला तरी निम्म्याच्या आसपास मतं ठरावाच्या बाजूने पडली आणि वर्ष संपायच्या आत ॲपलला धोरण बदलावं लागलं. मतं शेअरहोल्डरांची होती बरं का, कुठल्या युनियनची नाही.

म्हणजे गुंतवणूकदार कर्मचाऱ्यांच्या बाजूचे झाले?

छे. एवढ्यात हुरळून जायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकवाल्यांना, अल्टिमीटर ह्या गुंतवणूक संस्थेने उघड पत्र लिहिलं. मागणी काय, तर मेटाव्हर्सवरची उधळपट्टी आवरा आणि माणसांवरचा खर्च निदान २० टक्के कमी करा. नोव्हेंबरमध्ये मेटाने ११ हजार जणांना काढलं. निव्वळ पत्रामुळे काढलं असं म्हणता येणार नाही, पण गुंतवणूकदाराची नाराजी कर्मचाऱ्याच्या नोकरीवर कशी येऊन पडते ते दिसलं. दोघांना माहिती हवी असते इथपर्यंत दोघं बरोबर, पैसे कुठे वाचवायचे ह्यावर वेगळे.

मेटाची आणखी एक भानगड आहे. तिथे झुकरबर्ग यांच्याकडच्या शेअरना एकाला दहा मतं आहेत, त्यामुळे बाकी सगळ्यांनी मिळून हात वर केले तरी ते हरत नाहीत. सोसायटीत एकाच सभासदाला दहा मतं दिल्यावर जे होईल ते. इन्फोसिसमध्ये उलट, तेरा टक्केवाल्यांना मतं तेवढीच पण वजन जास्त. आपल्याकडेही २०१९ पासून टेक कंपन्यांच्या संस्थापकांना जादा मतांचे शेअर ठेवायला सेबीने अटींसह परवानगी दिलीय, तेव्हा नवीन आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री, भरताना हे एकदा बघून घ्या.

नाही पटत तर विका ना, भांडता कशाला?

हा सगळ्यात लाडका सल्ला. एका माणसाला लागू पडतोही. पण ज्या फंडाकडे हजारो कोटींचे शेअर आहेत तो सकाळी उठून विकायला गेला तर भाव त्याच्याच विक्रीने पडेल. इंडेक्स फंडाला, म्हणजे निफ्टीसारख्या यादीतले शेअर जसेच्या तसे घेणाऱ्या फंडाला, तर विकताच येत नाही, यादीत आहे तोवर ठेवावंच लागतं. त्यांच्यासाठी भांडणं हाच स्वस्त मार्ग. आणि तुमची एसआयपी त्यांच्यातच आहे.

वीस शेअरवाल्याने काय करायचं?

थोडं करता येतं, आणि ते फुकट आहे. सीईओ, सीएफओ किंवा इंडिपेंडंट डायरेक्टर सोडून गेला की एक्स्चेंजच्या वेबसाइटवर कंपनीच्या घोषणांत त्याचं राजीनामापत्र शोधा. इंडिपेंडंट डायरेक्टरने कारण सविस्तर सांगायचं आणि ह्याशिवाय दुसरं महत्त्वाचं कारण नाही असं लिहून द्यायचं, हा नियम आहेच, आणि २०२३ पासून सीएफओसारख्या वरच्या पदावरच्यांचं पत्रही सात दिवसांत टाकावं लागतं. 'वैयक्तिक कारणांमुळे' असं एका ओळीचं पत्र आणि पुढची नोकरी ठरलेली नाही, असं दिसलं की मी तरी पुढच्या दोन तिमाहींचे निकाल नीट वाचतो.

मोठ्या कंपन्यांबद्दल बाजारात अफवा उठून भाव हलला तर कंपनीने २४ तासांत खरं-खोटं सांगायचं असा नियम जून २०२४ पासून पहिल्या १०० कंपन्यांना आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना लागू झालाय. त्यामुळे बातमी फॉरवर्ड करायच्या आधी कंपनीचं उत्तर आलंय का ते बघता येतं.

पगारवाढीच्या किंवा डायरेक्टर नेमायच्या ठरावाचा मेल येतो, तो आपण प्रमोशनल समजून उडवतो. त्यात ई-व्होटिंगची लिंक असते, डीमॅटच्या लॉगिनने दोन मिनिटांत मत देता येतं. निकालात किती टक्के विरोधात गेले तेही जाहीर होतं, आणि ६७ सारखा आकडा दिसला की काय समजायचं ते वर आलंच आहे.

आणि एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. पूर्वी बंगळुरूला जाऊन हॉलमध्ये बसायला लागायचं, २०२० पासून बऱ्याच कंपन्यांच्या सभा व्हिडिओवर होतात, सांगलीत बसून चेअरमनला प्रश्न विचारता येतो. त्यासाठी आधी स्पीकर म्हणून नाव नोंदवावं लागतं, मुदत आणि मेल आयडी एजीएमच्या नोटिशीत मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतो. विचारायचंच असेल तर नफ्याचं नका विचारू, ते प्रेझेंटेशनमध्ये असतंच. व्हिसलब्लोअरच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, आणि सोडून गेलेल्या वरच्या माणसांना सेव्हरन्स किती आणि कुठल्या अटींवर दिला, एवढं विचारा, आणि उत्तर कोण देतं, चेअरमन स्वतः की शेजारी बसलेला कंपनी सेक्रेटरी, तेही बघा.